आईची बीपी-शुगर फोनवरच्या डॉक्टरला दाखवून भागेल काय? पॉलिसीवाले आधी ॲपवर बोला म्हणूलेत

गर्लगुंजीकर:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा खानापूर तालुक्यात गावी. आईला बीपी-शुगर दोन्ही, आणि बेळगावात स्टेंट बसवलाय. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघंही आहेत. आता पॉलिसीवाल्यांनी ॲप दिलंय, डॉक्टर फुकट, पण मेलमध्ये असं पण लिहिलंय की आधी ॲपवरच्या डॉक्टरशी बोला, तो म्हणाला तर नेटवर्कमधल्या हॉस्पिटलला जा. आई म्हणते हात न लावता काय तपासणार तो. बाबांनी तिला बसनं बेळगावला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून फोनवर होत असेल तर बरंच. पण उद्या ऍडमिट करायची वेळ आली तर क्लेम अडणार नाही ना?

डेस्कवाली_टिळकवाडी:
मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला बसते म्हणून क्लेमचं आधी सांगते. फोनवर दाखवलं म्हणून क्लेम अडत नाही. जून २०२० मध्येच आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, कंपन्यांना सांगितलंय की जिथं डॉक्टरची फी मिळते तिथं टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरच्या सल्ल्याची पण धरा. बऱ्याच पॉलिसीत ऍडमिट व्हायच्या आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो, त्याच आजाराचं असलं तर फोनवरच्या कन्सल्टेशनचं बिल त्यात लावता येतं. फक्त प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख पाहिजे. व्हॉट्सॲपवर "तीच गोळी चालू ठेवा" एवढाच मेसेज घेऊन लोक येतात, तो कागद धरत नाहीत.
आणि छातीत दुखलं, दम लागला तर ॲप उघडत बसायचं नाही, १०८ बोलवा नाहीतर मिळेल ती गाडी करून हॉस्पिटल गाठा. इमर्जन्सीत कंपनीला नंतर कळवलं तरी चालतं, बहुतेक ठिकाणी २४ तास देतात. पॉलिसीतला तो क्लॉज आजच काढून वाच आणि बाबांना फोन करून समजावून सांग, रात्री दोन वाजता मेल कोण वाचणार.

निपाणी_डॉक्टर:
जनरल प्रॅक्टिस करतो. २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे देशातला कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर कुठल्याही राज्यातल्या पेशंटला फोनवर सल्ला देऊ शकतो, त्यामुळं ज्या डॉक्टरनं आईंना आधीपासून बघितलंय तोच फोनवर मिळाला तर उत्तम. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या पुन्हा लिहून देणं, डोस थोडा कमी-जास्त करणं हे फोनवर व्यवस्थित होतं, पण घरी मोजलेले आकडे वहीत लिहिलेले पाहिजेत, "बरं वाटतंय" एवढ्यावर मी डोस बदलत नाही. आईंचं म्हणणं पण खरंच आहे. शुगरवाल्याचे पाय बघावे लागतात, जखम झाली तरी त्यांना कळत नाही. ईसीजी, डोळ्याचा पडदा, हेही समोरच होतं. आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ॲपवरच्या अनोळखी डॉक्टरच्या सांगण्यावरनं बंद करू नका, ज्यानं स्टेंट घातला त्यालाच विचारा.

नंदगडची_सून:
डॉक्टरसाहेब सांगतात ते बरोबर, पण आमच्याकडचं पण ऐका. सासऱ्यांना ॲपवर दाखवलं तर पलीकडचा डॉक्टर कन्नड आणि इंग्लिशमधनं बोलूलाय, सासरे मराठीतनं, मधे मी. लघवीचा त्रास सुनेसमोर सांगायला ते लाजले आणि तसंच फोन बंद झाला. कणकुंबी, जांबोटीच्या पुढं तर आधी रेंज मिळू दे. माझं म्हणणं एवढंच की फोन जादाची सोय म्हणून राहू दे, फोनवर भागतंय म्हणून गावचं आरोग्य केंद्र रिकामं ठेवलं तर आमच्या म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठं? आणि पॉलिसीवाल्यांनी फोनला हॉस्पिटलच्या दारातलं कुलूप केलं तर ते मला अजिबात पटत नाही.

सबसेंटर_खानापूर:
ताई, म्हणूनच मी सांगतो, घरातनं एकट्यानं ॲप लावण्यापेक्षा गावच्या आरोग्य केंद्रात या. ई-संजीवनी म्हणजे सरकारची व्हिडिओवरनं डॉक्टरला दाखवायची सोय, तिची ही पद्धत २०१९ पासनं आहे, केंद्रातला सीएचओ म्हणजे आरोग्य अधिकारी बीपी, शुगर मोजतो आणि मग व्हिडिओवर मोठ्या डॉक्टरला जोडून देतो. मधे मराठी येणारं माणूस बसलेलं असतं, आणि सासऱ्यांना तुमच्यासमोर बोलायचं नसलं तर तुम्ही बाहेर थांबा. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. गर्लगुंजीकर, आईंचे इथले आकडे ॲपवरच्या डॉक्टरला पण दाखवता येतील.

गर्लगुंजीकर:
खूप मदत झाली सगळ्यांची. बाबांना सोमवारी केंद्रात पाठवतो. एक राहिलं, आमचं रेशनकार्ड एपीएल आहे, आरोग्य कर्नाटक या सरकारी उपचार योजनेचं कार्ड काढलंय. ॲपवरचा डॉक्टर ऍडमिट व्हा म्हणाला तर ते चालतं काय?

डेस्कवाली_टिळकवाडी:
नाही. त्या योजनेत इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथलं रेफरल घ्यावं लागतं, ॲपवरच्या डॉक्टरचं चालत नाही. आणि बीपीएलला ५ लाखांपर्यंत असलं तरी एपीएलला पॅकेजच्या ३० टक्केच मिळतात, त्यामुळं तुमच्यासाठी कंपनीची पॉलिसीच पुढं करा. दोन्ही कार्डांचे फोटो बाबांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेव.