मदत हवी आहे: युवा गटाची बस सहल – अटलांटा, मॉन्टगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम, मेम्फिस, नॅशव्हिल

नमस्कार मंडळी,

आमच्या अटलांटा परिसरातल्या मराठी शाळेतून मोठी झालेली तिसेक मुलं आहेत, वय 13 ते 17. जूनमध्ये सुट्टी लागली की त्यांना बसने अलाबामा आणि टेनेसीत न्यायचं घाटतं आहे. मिसिसिपीतून नुसताच रस्ता जाईल. पाहायच्या आहेत त्या जागा 1955 ते 1968 या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याच्या. आयोजन मी आणि आणखी दोन पालक मिळून करतोय. या भागात गट घेऊन गेलेलं किंवा तिथे राहणारं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

मार्ग साधारण असा धरलाय: आय-20 ने ॲनिस्टन, पुढे बर्मिंगहॅम, तिथून खाली मॉन्टगोमेरी आणि सेल्मा, मग मेम्फिस, नॅशव्हिल आणि चॅटनूगावरून घरी. यात सेल्माहून मेम्फिसला जाताना पुन्हा बर्मिंगहॅमवरूनच जावं लागतं, म्हणजे एक उलटा फेरा पडतो. ॲनिस्टन गाळलं तर मार्ग सोपा होतो, पण ते गाळवत नाही. 14 मे 1961 ला फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसमधल्या वंशभेदाविरुद्ध प्रवासाला निघालेल्यांची, ग्रेहाउंड बस गोऱ्या जमावाने तिथेच जाळली. आतले प्रवासी होरपळत कसेबसे बाहेर पडले. काळ्या आणि गोऱ्यांनी बसमध्ये शेजारी शेजारी बसून राज्यांच्या सीमा ओलांडल्या, एवढंच त्यांनी केलं होतं. आपली मुलं तसाच बसने प्रवास करणार आहेत, तर त्या ठिकाणी थांबायलाच हवं असं मला वाटतं.

बसचं कोटेशन मागवलंय, ते ऐकून काही पालक म्हणाले की दोन-तीन पंधरा सीटच्या व्हॅन भाड्याने घेऊ आणि आपणच चालवू. हे कितपत शहाणपणाचं आहे?

खाण्याचा प्रश्नही आहे. निम्मी मुलं शाकाहारी, दोघं जैन. दशम्या, धपाटे, सुकी चटणी बरोबर घेऊच, पण रोज तेच कसं चालेल?

खरी अडचण वेगळी आहे. पालकांच्या बैठकीत दोन-तीन जणांनी स्पष्ट विचारलं, की मुलांना सुट्टीत इतकं जड काही का दाखवायचं? स्मोकी माउंटन्सला न्या, झिपलाइन करू द्या. एका आईने तळमळीने विचारलं, "माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला झाडाला लटकवलेल्या माणसांच्या गोष्टी आत्ताच कळायला हव्यात का?" तिची काळजी मला पटते आणि त्यावर नीट उत्तर द्यायचं आहे. "त्यांचा इतिहास, आपला काय संबंध?" हा दुसरा सूर मात्र मला मुळीच पटत नाही.

संबंध आहे, आणि तो थेट आहे. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा ज्या रेट्यातून झाले, त्याच रेट्यात ऑक्टोबर 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि देशागणिक ठरलेले जुने कोटे गेले. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, काका-मामा, नाहीतर आपण स्वतः, या देशात आलो ते त्या उघडलेल्या दारातून. ते दार उघडायला ज्यांनी पोलिसांचे कुत्रे अंगावर घेतले, त्यांची नावं आपल्या मुलांना माहीत नसावीत, हे मला सहन होत नाही.

दुसरा धागा नागपूरचा. जेम्स लॉसन हे तरुण मेथॉडिस्ट धर्मोपदेशक, कोरियन युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंग भोगून 1953 मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि 1956 पर्यंत राहिले. सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला. वेगळं बसवण्याविरुद्ध मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमीसुद्धा त्यांनी वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्यांना म्हणाले की दक्षिणेत तुमची गरज आहे, आणि ते नॅशव्हिलला गेले. तिथल्या एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे दिले: शिवी आली तर काय करायचं, अंगावर सिगारेट विझवली तर काय करायचं, डोकं कसं वाचवायचं. जॉन लुइस आणि डायेन नॅश या वर्गातले. फेब्रुवारी 1960 मध्ये ही मुलं दुकानांतल्या 'फक्त गोऱ्यां'च्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली आणि मे महिन्यात ते काउंटर सगळ्यांना खुले झाले. मधल्या काळात लॉसन शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं होतं. पुढे 1968 मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात डॉ. किंग आले तेही लॉसन यांच्याच बोलावण्यावरून. लॉसन जून 2024 मध्ये वारले. म्हणून सहलीचा शेवट नॅशव्हिलला व्हावा असा माझा आग्रह आहे.

तर मार्ग, बस, खाणं आणि वयाचा प्रश्न, यांपैकी ज्याबद्दल सांगता येईल ते सांगा.

---

प्रतिसाद

मी बर्मिंगहॅमला बरीच वर्षं राहतो. ॲनिस्टन गाळू नका, बर्मिंगहॅम पुढे ढकला. ॲनिस्टनहून सिलाकॉगावरून थेट मॉन्टगोमेरीला उतरा, दोन-सव्वादोन तास लागतील. मॉन्टगोमेरी, मग सेल्मा, सेल्माहून वर बर्मिंगहॅम आणि तिथून आय-22 ने मेम्फिस. उलटा फेरा वाचतो.

वार मात्र सांभाळा. मॉन्टगोमेरीचं गुलामगिरी आणि वंशभेदाचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम आणि जमावाने मारलेल्यांचं स्मारक सोमवार-मंगळवार बंद असतं, मेम्फिसचं, डॉ. किंग यांची हत्या झाली त्या लॉरेन मोटेलमधलं संग्रहालय मंगळवारी. बुधवारी निघालात तर सगळं जुळतं. बर्मिंगहॅमच्या, 1963 मध्ये बॉम्बस्फोट झालेल्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चला गट न्यायचा तर आधी वेळ ठरवावी लागते. समोरचं केली इंग्रम पार्क मोकळंच असतं, तिथले पुतळे मुलांना निवांत पाहू द्या. आणि अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं, परतताना चॅटनूगाच्या अलीकडे तो तास जातो. घरी पोचायची वेळ पालकांना सांगताना हे धरा.

सेल्माचा पूल बसमधून पाहू नका. बस अलीकडे थांबवून सगळ्यांना पदपथावरून चालत पलीकडे न्या. पूल मध्यभागी उंच आहे, त्यामुळे चढ संपेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. 7 मार्च 1965 ला माथ्यावर पोचल्यावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चातल्या लोकांना खाली उभे असलेले पोलीस दिसले, आणि पुढे त्यांनी मोर्चाला झोडपलं. हे वर चढूनच समजतं. जूनचं ऊन फार असतं, सकाळी लवकर उरका.

---

प्रतिसाद

पंधरा सीटच्या व्हॅनचा विचार सोडून द्या. माणसं आणि सामान पूर्ण भरलं की त्या उलटायचा धोका वाढतो, आणि हौशी चालकांच्या हाती दुसऱ्यांची मुलं द्यायची म्हणजे विम्याचाही घोळ. मी शाळेच्या बँडसाठी बस ठरवायचं काम करते. कंपनीचा यूएसडॉट (अमेरिकी वाहतूक खात्याचा) नंबर मागा आणि सरकारी संकेतस्थळावर तिची सुरक्षिततेची नोंद स्वतः बघा. बसचालकाला सलग आठ तास सुट्टी मिळाल्यानंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते, आणि कामाचे एकूण पंधरा तास भरले की गाडी चालवता येत नाही. म्हणून रात्री उशिरा मेम्फिसला पोचून पहाटे निघायचं असले बेत आखू नका. चालकाची खोली गटानेच द्यायची असते, ती आणि टिप खर्चात आधीच धरा.

प्रत्येक मुलाचं पालकांच्या सहीचं संमतिपत्र, विम्याच्या कार्डाची प्रत, औषधं आणि ॲलर्जी एका फायलीत, आणि ती फाइल बसमध्ये, सामानाच्या पोटात नव्हे.

खाण्याचं: दक्षिणेत हिरव्या पालेभाज्या आणि बीन्स बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मेन्यूत 'भाजी' लिहिलंय म्हणून शाकाहारी समजू नका, दर वेळी विचारा. बर्मिंगहॅम, मेम्फिस, नॅशव्हिल तिन्हीकडे भारतीय हॉटेलं आहेत, गटाचं जेवण आधी सांगून ठेवा.

---

प्रतिसाद

मी माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणून वयाबद्दल लिहिते. त्या आईला सांगा की या लढ्यात तिच्या मुलीच्या वयाचीच मुलं होती. क्लॉडेट कोल्विनने मॉन्टगोमेरीत, ज्यांच्या अटकेनंतर बस बहिष्कार सुरू झाला त्या रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, गोऱ्यांसाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मे 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर शाळकरी मुलं उतरली आणि तुरुंगात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा.

तरी तयारी हवीच. निघण्याआधी दोन बैठका घ्या, काय दिसणार आहे ते सांगा, आणि ज्याला नको असेल त्याने बाहेर थांबायची मुभा ठेवा. त्याच्याबरोबर एक मोठं माणूस बाहेर बसेल हेही आधीच ठरवा. मॉन्टगोमेरीच्या स्मारकात आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर जमावाने मारलेल्यांची नावं. मुलं आपापली काउंटी शोधतील. अटलांटाजवळच्या फोरसाइथ काउंटीतून 1912 मध्ये जवळपास सगळ्या कृष्णवर्णीयांना हुसकावून लावलं होतं, आणि आज तिथे आपली कितीतरी घरं आहेत. हा प्रश्न मुलं विचारणारच. त्या रात्री दुसरा काही कार्यक्रम ठेवू नका, गोल करून बसा आणि त्यांना बोलू द्या.

बसमध्ये वाचायला एक सुचवते: 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका. जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना लिहिलेलं पत्रही आहे. "आपला काय संबंध" म्हणणाऱ्या पालकांना दोन्ही वाचायला द्या.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲनिस्टनहून थेट मॉन्टगोमेरी हा मार्ग आणि बुधवारी निघणं, दोन्ही पक्कं केलं. व्हॅनचा विषय संपला. अर्पणपत्रिका आणि आंबेडकरांचं पत्र पालकांच्या गटावर आजच टाकते, आणि त्या आईशी मी स्वतः फोनवर बोलणार आहे.

आता एकच मागणं राहिलंय. नागपूरकर कुणी असाल, विशेषतः हिस्लॉपमध्ये शिकलेलं किंवा घरात कुणी पन्नाशीच्या दशकात तिथे असलेलं, तर लॉसन यांच्याबद्दल ऐकलेलं काहीही, कॉलेजच्या जुन्या इमारतीचा फोटो, घरी सांगितली जाणारी आठवण, इथे लिहा. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नागरी हक्कांचं स्वतंत्र दालन आहे, तिथे बसून मुलांना ते मराठीतून वाचून दाखवायचं आहे.