न्यिरागोंगोच्या प्रतिकृतीत नेमकं काय दाखवावं?

अंजनेरीकर: नाशिकमधल्या आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं काँगोतल्या न्यिरागोंगो ज्वालामुखीची प्रतिकृती करताहेत. तक्त्यावर नुसतं 'गावांना आणि प्राण्यांना धोका' लिहून भागणार नाही. नेमकं होतं काय? शिवाय ब्रह्मगिरीही लाव्हाचाच, तो पुन्हा पेटेल का, हे पालक हमखास विचारणार.

काळापाषाण: सर, ब्रह्मगिरीचं आधी उरकतो. ते थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. भारताचा भूपट्ट तेव्हापासून उत्तरेला सरकत आला आणि खालचा उष्ण स्रोत आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. निर्धास्त सांगा, पेटणार नाही.

आता प्रतिकृती. सोडा-व्हिनेगरचा फेस तोंडातून उडवू नका, इथे ते चूक. न्यिरागोंगोच्या लाव्हात सिलिका (लाव्हा घट्ट करणारा घटक) फार कमी, म्हणून तो पातळ, आणि फुटतो तो कुशीतून. १९७७ मध्ये उतारावर त्याने ताशी ६० किमीच्या आसपास वेग गाठला. १७ जानेवारी २००२ ला दक्षिण उतार भेगाळला आणि लाव्हा पायथ्याच्या गोमा शहरातल्या विमानतळाच्या धावपट्टीवरून किवू सरोवरात उतरला. तेव्हा भेग दक्षिणेला पाडा, खाली शहर आणि तळं मांडा.

गोठा_सिन्नर: गोरिला लाव्हाच्या वाटेत ठेवू नका. ते मुख्यतः शेजारच्या मिकेनो, कारिसिम्बी या शांत ज्वालामुखींवर राहतात. जनावरांचा खरा घात खोलगट जागी होतो. जमिनीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्यामुळे वारा पडला की रात्री-पहाटे खड्ड्यात साचतो. तिकडे त्याला 'मझुकू' म्हणतात. तोंड जमिनीजवळ असलेलं शेळी-मेंढरू आधी पडतं, उभ्या माणसाला तोवर काही कळतही नाही. म्हणून वाकून उचलायला जाणाराही जातो.

अंजनेरीकर: आणि राख?

गोठा_सिन्नर: राखेला फ्लोरिन चिकटून येतं. चाऱ्यावर मिलिमीटरभर थरही चरणाऱ्या जनावराला घातक ठरू शकतो. आइसलँडमध्ये १७८३ च्या लाकी उद्रेकानंतर बहुतांश मेंढ्या याच विषाने आणि उपासमारीने गेल्या. गुरं गोठ्यात बांधायची, झाकलेला सुका चारा घालायचा, पाण्याचे हौद झाकायचे. गोमाच्या पश्चिमेकडची गावं छपरावरचं पावसाचं पाणी पितात. धुरातलं आम्ल आणि फ्लोराइड त्यातही उतरतं, म्हणून पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नये.

काळापाषाण: छपराचंही लिहा. ओली राख घनमीटरला हजार किलोच्या वर भरते, म्हणजे १० सेंमी थराचा चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त भार. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या वेळी वादळी पावसाने राख भिजली आणि छपरं कोसळून माणसं मेली. पाऊस यायच्या आत काढायची, दोन्ही उतारांवरून सारखी, नाहीतर छप्पर एका अंगाला कलतं. धूळ बसेल इतकंच पाणी शिंपडा. पन्हळीत धुऊन घातली तर तिथेच घट्ट बसते.