मदत हवी आहे: वटवाघळांची पाळी मुलींना कशी समजावू?

नमस्कार ताई-दादांनो. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. शाळेमागच्या चिंचेवर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. परवा सकाळी झाडाखाली एक मादी पडलेली दिसली. तिच्या छातीला बोटभर लांबीचं पिल्लू चिकटलेलं, डोळे उघडे, स्तनाग्र तोंडात घट्ट धरलेलं. मुली गोळा झाल्या. एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, यांना पण आपल्यासारखी पाळी येते का?"

मी वाचलंय की बहुतेक सस्तन प्राण्यांना पाळी येत नाही. माणूस, काही माकडं, हत्तीचिचुंद्री (सोंडेसारखं लांब नाक असलेला छोटा प्राणी), काटेरी उंदीर आणि मोजकी वटवाघळं अशा थोड्याच प्राण्यांना ती येते. आपल्याकडच्या गुहांत, जुन्या वाड्यांत राहणाऱ्या रूसेटस या फळखाऊ जातीत ती 2007 साली नोंदवली गेली. गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, आपल्यासारखंच. पण चिंचेवरची ही जात वेगळी, टेरोपस. वर्षाला एकच पिल्लू देणारी. हिच्याबद्दल पाळीची नोंद कुणाला माहीत आहे का?

आमच्याकडे अजूनही पाळीत मुलींना बाजूला बसवतात. उडणाऱ्या प्राण्यालाही हे होतं, एवढं कळलं तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. गावातले काही जण आत्ताच चिंच छाटायची म्हणतात. पिल्लं अंगावर आहेत तोवर थांबा, हे त्यांना कसं पटवू? मराठीतला तक्ता किंवा चित्रं असतील तर नक्की पाठवा.