राजे-सरदार पुरे! युद्ध, गुलामी, चेटकिणींचे खटले: काय वाचू?

सांजवात:
'पानिपत' तिसऱ्यांदा वाचून संपवलं. या वेळी लढाईपेक्षा भाऊंच्या फौजेमागून गेलेले यात्रेकरू, बुणगे, बायकापोरंच डोक्यातून जाईनात. अशा माणसांच्या बाजूने लिहिलेलं सुचवा ना. देश कुठलाही चालेल. अमेरिकेतली गुलामी, तिथल्याच सेलम गावात चेटकीण म्हणून जाळलेल्या बायका वगैरेही. इंग्रजी वाचते, पण हळू. ठोकळा नको, आणि शेवट फोडू नका.

खडूस वाचक:
गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचलं नसेल तर आधी ते. कादंबरी नाही, पण कादंबरीच्या तोंडात मारेल. वरसईचा गरीब भिक्षुक, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघतो आणि १८५७च्या बंडात सापडतो. इंग्रज फौज झाशीत शिरली तेव्हा हा गावातच लपलेला. पोटाची आणि जिवाची भीती एकाच वाक्यात. छापून आलं थेट १९०७ साली.

ओसरी:
ताई, एक दुरुस्ती. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिली, त्यात पुरुषही होते. जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने गुन्हा कबूल-नाकबूल काहीच म्हणायला नकार दिला, तर अंगावर दगड रचून त्याला चिरडला. जाळण्याचे प्रकार युरोपातले.

तुम्हाला मारीझ काँदे यांची टिट्युबावरची कादंबरी चालेल. मूळ फ्रेंच, १९८६ची, इंग्रजी अनुवाद आहे, आटोपशीर आहे. टिट्युबा सेलमच्या पाद्र्याची गुलाम. चेटूक केल्याची पहिली कबुली तिची. त्या खटल्यांतली गोम अशी, की कबूल करणारे वाचले आणि 'मी चेटकीण नाही' म्हणणारे लटकले. जुन्या कागदांत तिला 'इंडियन' म्हटलंय, म्हणजे तिकडची आदिवासी, आपल्याकडची नव्हे. काँदेबाईंनी तिला बार्बेडोसची कृष्णवर्णी केलंय. इतिहास म्हणून वाचू नका, मजा जाईल.

निवडुंग:
टोनी मॉरिसन, 'बिलव्हेड'. ठोकळा नाही, पण सोपीही नाही. पहिली पन्नास पानं कोण कुठल्या काळात बोलतंय ते कळत नाही, रेटा. मुळाशी खरी घटना आहे (म्हणून हा रसभंग धरू नका): १८५६च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर गोठलेली ओहायो नदी ओलांडून पोरांसकट पळाली. पकडणारे दाराशी आल्यावर तिने स्वतःच्या लहान मुलीचा गळा चिरला, पुन्हा गुलामीत जायला नको म्हणून. मग वाद काय, तर हिच्यावर खुनाचा खटला भरायचा, की मालकाचा 'माल' म्हणून परत धाडायचं! माल ठरली. घरात तान्हं बाळ असेल तर आत्ता हातात घेऊ नका, एवढंच सांगते.

खडूस वाचक:
गुलामीचा विषय निघाला आणि जोतीरावांचं नाव नाही? 'गुलामगिरी' १८७३ची, आणि अर्पण कुणाला, तर अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. पुस्तक म्हणजे धोंडीराव आणि जोतीरावांचा संवाद, चटचट वाचून होतं.

सांजवात:
जाळल्याची चूक माझीच, सिनेमे बघून झालेली. भटजी वाचनालयात मिळाले, कव्हर नाही, पण पानं सगळी आहेत. टिट्युबा मागवते. निवडुंग, बरं झालं सांगितलंत. लेक बाळंतपणाला आलीये, 'बिलव्हेड' ती सासरी गेल्यावर.