ख्रिस्ती प्रवचने आणि धार्मिक लेखन: चातुर्मासातील वाचनासाठी सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. गंगापूर रोडवर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी दर शनिवारी सायंकाळी एकत्र बसून वाचन करतो. गेल्या चातुर्मासात दासबोधाचे निवडक समास वाचले. यंदा ख्रिस्ती परंपरेतील प्रवचने आणि धार्मिक लेखन वाचावे असे ठरले आहे. आमच्यापैकी एक गृहस्थ कॅथलिक आहेत, बाकीचे हिंदू आहोत. खंडन-मंडन हा हेतू नाही; धर्मोपदेशकाने समोरच्या माणसाशी कसे बोलावे याचा विचार त्या परंपरेत कसा झाला, हे पाहायचे आहे.

दुसऱ्या शतकापासून आरंभ करून विसाव्या शतकापर्यंत कालक्रमाने यावे, असा माझा आराखडा आहे. मात्र आमच्यातील चौघांना इंग्रजी वाचनाची सवय नाही. हा क्रम योग्य आहे का, आणि मराठीत नेमके काय वाचावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शरणपूरकर

कालक्रमाचा आग्रह सोडावा, असे मी नम्रपणे सुचवेन. पहिल्या दोन-तीन शतकांतील लेखन ज्या वादांतून जन्मले ते वाद ठाऊक नसतील, तर तिसऱ्या शनिवारी निम्मी मंडळी येणार नाहीत.

पहिल्या बैठकीत मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अध्याय, म्हणजे येशूचे डोंगरावरील प्रवचन, एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी केवळ ऐकावे. पुढची जवळपास सगळी प्रवचने या ना त्या रीतीने याच तीन अध्यायांकडे परत येतात. भाषांतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मधले घ्यावे. ते कानाला सहज लागते. हिब्रू आणि ग्रीकवरून पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर हाती लागले तर तेही शेजारी ठेवावे, कारण सामान्य स्त्रियांना कळेल अशी मराठी लिहिण्याचा त्यांचा ध्यास त्यात दिसतो.

नाशिककरांना या तीन अध्यायांचे आणखी एक कारण आहे. कवी नारायण वामन टिळकांना 1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, दिला, आणि तो वाचता वाचता ते याच प्रवचनापाशी खिळून राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जलालपूर तुमच्या गंगापूर रोडवरून फार दूर नाही. तेव्हा दुसऱ्या बैठकीत टिळकांची 'अभंगांजली' घ्यावी आणि जोडीला लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील टिळकांच्या धर्मांतराची प्रकरणे वाचावीत. नवऱ्याचा धर्म बदलल्यावर घरात उरलेल्या बाईचे काय होते, हे कोणत्याही प्रवचनात सापडणार नाही.

जुने_बाड

शरणपूरकरांशी सहमत आहे, परंतु टिळकांच्या आधी फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हवेच. हा इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा धर्मगुरू) 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण तिथल्याच राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. 'भाषांमाजी चोखळा भाषा मराठी' ही ओळ आपण भाषणांत ऐकतो. ती ज्या ग्रंथातली आहे तो ग्रंथ उघडणारे मात्र विरळाच.

आरंभीचा प्रसंग अवश्य वाचावा. गोव्याच्या साष्टी भागातील चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मोपदेश करीत असता एक ब्राह्मण येऊन विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तसेच एखादे पुराण आमच्या भाषेत का करत नाही? श्रोत्याने मागणी करावी आणि वक्त्याने ती पुरवावी, हा तर आपल्या पुराणकथनाचाच साचा झाला. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' हाच शब्द वापरतो. हे पुराण रविवारी आणि सणांना चर्चमध्ये वाचले जाई, म्हणून तुम्हीही ते ओवीच्या चालीवर म्हणावे. नुसते डोळ्यांनी वाचल्यास भाषा अवघड वाटते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मूर्तिपूजेवर त्यात कठोर टीका आहे, आणि ते ज्या गोव्यात लिहिले गेले तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधकांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, होते. ब्राह्मणाच्या त्या प्रश्नातील 'बंद केलीत' या शब्दांमागे सक्ती आहे. ते पान झाकून केवळ मराठीच्या गोडव्याचे कौतुक केले, तर वाचन अर्धवट राहील.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कालक्रम सोडला! परंतु क्रिसोस्तोम आणि ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकांतील धर्मोपदेशकांची नावे सतत वाचनात येतात. त्यांना अगदीच वगळावे का?

शरणपूरकर

वगळू नये, पण थोडेच घ्यावे. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी घरी वाचून यावे आणि बैठकीत मराठीतून सांगावे.

क्रिसोस्तोमची, म्हणजे 'सुवर्णमुखी' योहानाची, 387 मधील अंत्युखिया (रोमन साम्राज्यातील एक शहर) येथील प्रवचने निवडावीत. नव्या कराविरुद्ध दंगल होऊन लोकांनी सम्राटाचे पुतळे पाडले, आता सगळ्या शहराला शिक्षा होणार या धास्तीने माणसे पळू लागली, म्हातारा बिशप दया मागण्यासाठी राजधानीकडे निघाला, आणि मागे राहिलेल्या भेदरलेल्या श्रोत्यांना हा नवा धर्मगुरू उपवासकाळात धीर देत राहिला. गंमत अशी, की एवढ्या संकटातही तो त्यांना ऊठसूट शपथा घेण्याची सवय सोडा म्हणून पुन्हा पुन्हा दटावतो. सुरुवातीची दोन प्रवचने पुरेत.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहरात बसून बोलत असे, श्रोते उभे असत आणि लघुलेखक ते उतरवून घेत; म्हणून त्याच्या प्रवचनांत विषयांतरे आणि श्रोत्यांना दिलेले टोमणे तसेच राहिले आहेत. व्याकरणकारांनी दोष दिला तरी चालेल, पण लोकांना कळले पाहिजे, असा त्याचा भाव होता. हे वाचून तुमच्या मंडळींना कोणाची आठवण येईल ते सांगायला नको.

मध्ययुग आणि चर्चच्या सुधारणेचा (रिफॉर्मेशनचा) काळ मी यंदापुरता बाजूला ठेवेन. बाराव्या शतकातील मठवासी बर्नार्डने बायबलमधील 'गीतरत्न' या काव्यावर 86 प्रवचने केली आणि तरीही तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे पोहोचला नाही. चातुर्मास तेवढा लांब नसतो.

जुने_बाड

एक मात्र सोडू नये: अंतोनियो व्हिएरा या पोर्तुगीज जेझुइटाने 1654 मध्ये ब्राझीलमधील साओ लुईस येथे केलेले 'माशांना प्रवचन'. तेथील मूळ रहिवाशांना गुलाम करणाऱ्या वसाहतवाल्यांना उपदेश रुचत नव्हता, तेव्हा माणसे ऐकत नाहीत तर माशांशीच बोलतो म्हणून त्याने माशांचे गुणदोष सांगायला घेतले, आणि मोठे मासे लहान माशांना खातात येथवर आणून श्रोत्यांना आरशासमोर उभे केले. आपल्याकडे याला मत्स्यन्याय हा शब्द तयारच असल्याने मराठीत सांगणे सोपे जाईल.

गुलामगिरीचा विषय निघालाच आहे, तर एखाद्या शनिवारी नाशिकमधल्याच शरणपूरलाही जाऊन यावे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइटने 1873 मध्ये आफ्रिकेतील एका खेड्यात मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचली.

गोदाकाठ (नाशिक)

आराखडा असा ठरवत आहे: डोंगरावरील प्रवचन एक शनिवार, ख्रिस्तपुराण पाच, टिळक दांपत्य चार, क्रिसोस्तोम आणि ऑगस्टीन मिळून तीन, व्हिएरा एक, आणि शरणपूरची फेरी पाऊस पाहून. ख्रिस्तपुराणाला पाच शनिवार जास्त होतात असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे, पण ओव्या म्हणायच्या ठरल्यावर त्यांनीच पेटी आणण्याची तयारी दाखवली आहे.

आता एक विनंती. शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये संपादित केलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत नाशिकमध्ये कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. सुरुवातीच्या भागाची झेरॉक्स काढून दोन दिवसांत परत करू.

जुने_बाड

माझ्याकडे आहे. बांधणी सुटली आहे, त्यामुळे झेरॉक्स नको; मोबाइलवर पानांचे फोटो काढावेत. व्यक्तिगत निरोप पाठवतो.