दहावीचा सत्कार झाला. पीयूसीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, पोरांचा हात कोण धरणार?

(लेख आणि त्यावरच्या प्रतिक्रिया. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मार्कंडेयकाठ

आमच्या बेळगाव तालुक्यात डिसेंबर लागला की गावोगावी दहावीची व्याख्यानमाला सुरू होते. रविवारी सकाळी हायस्कूलच्या वर्गात नाहीतर देवळात सतरंज्या पडतात. गणिताचे सर येतात, इंग्रजीच्या बाई येतात, मंडळाची पोरं चहापाण्याचं बघतात. मी स्वतः अशाच रविवारांच्या जोरावर पास झालो, त्यामुळे हे काम किती मोलाचं आहे ते मला कुणी सांगायला नको. मे महिन्यात निकाल लागतो, मग गुणगौरव समारंभ होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पेपरात फोटो. तिथून पुढे त्या पोराला कुणी विचारत नाही.

जूनमध्ये तेच पोरगं पीयूसी सायन्सला जाऊन बसतं. दहा वर्षं सगळं मराठीतून शिकलेलं, आणि समोर एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं. त्वरण म्हणजे काय हे त्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पण सरांनी 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हटलं की ते गप्प. वर्गसमीकरण सोडवतं, पण 'क्वाड्रॅटिक' हा शब्द पाच वेळा ऐकल्यावर त्याच्या लक्षात येतं की हे तर आपलंच. तोवर सर पुढच्या धड्यावर गेलेले असतात. कॉमर्सचंही तेच. नावे-जमा कळतं, डेबिट-क्रेडिट उलटसुलट होतं.

माझ्या पुतण्याला दहावीला ६२५ पैकी ५४१ पडले. गावात सत्कार झाला. दिवाळीनंतर एकदा जेवताना म्हणाला, "काका, सरांचं एक वाक्य लिहून होईपर्यंत तीन वाक्यं निघून जातात." चार महिने त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. चाचणीचे पेपर दप्तराच्या तळाशी सापडले. जानेवारीत कॉलेज सोडलं आणि आता तो उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीनवर आहे. चांगलं काम करतो. पण त्याला शिक्षक व्हायचं होतं, आणि त्याचं इंग्रजी अडलंय हे घरात मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच: सत्काराचा खर्च निम्मा करा. निकाल ते कॉलेज या मधल्या दिवसांत पंधरा-वीस दिवसांचा वर्ग घ्या, त्यात विषयांचे इंग्रजी शब्द पक्के करून घ्या. आणि दिवाळीपर्यंत दर रविवारी त्याच पोरांना परत बोलवा. दहावीनंतरचे पहिले सहा महिने आपण सांभाळले तर कितीतरी पोरं टिकतील.

जुना फळा

मी निवृत्त गणित शिक्षक. वीस वर्षं व्याख्यानमालेत शिकवतोय. तुमच्या पुतण्याचं वाईट वाटलं, तरीही तुमचं म्हणणं मला पटत नाही.

५४१ वाला पोरगा सगळ्यांना दिसतो. मला पन्नास जणांतले शेवटच्या सतरंजीवरचे बारा दिसतात. परीक्षा केंद्रांत कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं त्या २०२४ साली कर्नाटकचा दहावीचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही वाढीव गुण दिल्यावर. आता पोराला खरोखर यायला पाहिजे. अपूर्णांकाची बेरीज न येणारा मुलगा दहावीत बसलेला असतो. त्याला तीन महिन्यांत उभं करायचं म्हणजे आमचा जीव जातो.

माणसं तीच, रविवार तेच. तुम्ही आम्हाला पीयूसीकडे ओढलंत तर त्या बारा जणांकडे कोण बघणार? आणि एक सांगा, दहावीनंतरची जबाबदारी कॉलेजची नाही का? फी घेतात, पगार घेतात. भाषेमुळे पोरगं मागे पडत असेल तर तो वर्ग कॉलेजनं घ्यावा. सगळं गावानं करायचं म्हटलं तर गाव किती पुरणार?

मार्कंडेयकाठ

सर, तुमचे रविवार मला नकोत. दहावीची पोरं मार्च-एप्रिलपर्यंत तुमची, मी बोलतोय मे ते दिवाळीबद्दल. शिकवायलाही गावात माणसं आहेत. आपल्याच शाळेतून जाऊन बीएस्सी, इंजिनिअरिंग केलेली पोरं. ती याच वाटेनं गेलीत, कुठं अडतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कॉलेजनं करावं हे खरंच. पण संविधानाचं कलम ३५० क मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगतं ते प्राथमिक टप्प्यापुरतं. कॉलेजच्या वर्गात अर्धी पोरं इंग्रजी मीडियमची असतात, सर त्यांच्या वेगानं जातात. ते बदलण्याची वाट बघत बसलो तर दरवर्षी एक तुकडी हातची जाते.

मलप्रभेची लेक

मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबी भागातली. माझी मुलगी पीयूसी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथं भाषेवर बोलणं चाललंय, आमच्याकडे पोरी भाषेच्याही आधी रस्त्यात गळतात.

जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली. त्याचा आम्हाला खरंच आधार झाला, नाहीतर पाससाठी पैसे कुठून आणायचे ह्यावरच घरात वाद व्हायचा. पण पावसाळ्यात बस वेळेवर येईल याचा नेम नाही. पहिला तास चुकतो, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार. माझ्या लेकीसोबतच्या चौघीजणी पहिल्याच वर्षी घरी बसल्या, दोघींची लग्नंही झाली. एकीला तर माझ्या लेकीपेक्षा जास्त मार्क होते.

भाऊ, तुमचा रविवारचा वर्ग बेळगावात भरला तर आमच्या पोरी यायच्या कशा? वर्ग घ्यायचाच असेल तर खानापुरात, जांबोटीत घ्या. आणि सुरुवातीला एकदा आईबापांना बोलवा. मुलगी नापास झाली तर घरात बसवायची, हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षा पुन्हा देता येते हे आम्हाला कुणीतरी नीट सांगायला पाहिजे.

जुना फळा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य गावागावांत सांगण्यासारखं आहे. आता दहावीला परीक्षा १ नंतर त्याच वर्षी परीक्षा २ ची संधी मिळते, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षालाही. पण परीक्षा १ मध्ये नापास झालेला पोरगा परीक्षा २ चा फॉर्म भरायला शाळेत येतच नाही. लाजतो. मी दोन वर्षं निकालानंतर नापास पोरांच्या घरी जातोय. गेल्या वर्षी नऊपैकी सहा जणांनी फॉर्म भरला, चौघे पास झाले. मार्कंडेयकाठ, तुमचा मे महिना माझ्याकडे असा आधीच खर्ची पडलेला आहे. म्हणून विरोध करतोय.

उद्यमबाग वर्कशॉप

माझं छोटं युनिट आहे. मूळ लेखात 'आता मशीनवर आहे' असं म्हटलंय ते वाचून मला लागलं. सगळ्यांनी सायन्सलाच जायचं हे कुणी ठरवलं? माझ्याकडे आयटीआय टर्नर झालेला मुलगा घर चालवतो, बहिणीचं शिक्षण करतो. डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि तो केला की डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे व्याख्यानमालेत कोण सांगतं? तिथं फक्त पेपर कसा लिहायचा ते शिकवतात.

मार्कंडेयकाठ

दुखावलं असेल तर माफ करा, कामाला कमी लेखायचं नव्हतं. ठरवून आयटीआयला गेलेला आणि कॉलेज सुटलं म्हणून मशीनवर आलेला, यात माझ्या लेखी फरक आहे. दुसऱ्याला ना ट्रेडचं सर्टिफिकेट, ना पीयूसी. आणि डिप्लोमाची पुस्तकंही इंग्रजीतच असतात, म्हणजे शब्दांचा वर्ग त्यालाही लागणारच. पण दहावीतच हे सगळे रस्ते सांगायला हवेत, हे मान्य. तुम्ही येऊन सांगाल का?

दोन मुलांचा बाप

स्पष्ट लिहितो. हा प्रश्न आपणच ओढवून घेतलाय. पोरांना पहिलीपासून इंग्रजी मीडियमला घाला, पुढे कसला वर्ग लागत नाही. मी घातलं. मराठी घरात बोलतात, वाचतात. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो सुटेपर्यंत पोरांचं भविष्य अडवून ठेवायचं का?

निपाणीकर

दोन मुलांचा बाप, तुमची ऐपत होती, घातलंत. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला ती फी झेपणारी नाही. तिच्या पोराला जवळची सरकारी मराठी शाळाच आहे, आणि ती शाळा चांगली राहावी म्हणून आपण भांडलं पाहिजे.

एक माहिती इथं कुणीच लिहिली नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाईप ई' म्हणून वेगळा उमेदवार प्रकार आहे. मातृभाषा मराठी असल्याचा आणि वादग्रस्त सीमाभागातल्या शिक्षणाचा किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. पोरांना हे कळतं ते फॉर्मची मुदत संपल्यावर. मी म्हणेन, वर्गबिर्ग राहू दे, आधी हे कागद दहावीतच तयार करून घ्या आणि पोरांना कोल्हापूरकडे पाठवा.

मार्कंडेयकाठ

कागद हवेतच, त्यात दुमत नाही. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कार्यालयातून, जातीचा-उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्याचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) जपून ठेवायचा, बँक खातं आधारला जोडायचं. त्याशिवाय कर्नाटकच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्जच पुढे सरकत नाही. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, १५ टक्के ग्रामीण कोटा आहे, त्यासाठी पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला शाळेतून घ्यावा लागतो. खेड्यातल्या मराठी शाळेचं पोरगंही त्यात बसतं, तरी कित्येक जण तो मागतच नाहीत.

पण कोल्हापूरला जायला आधी बारावी व्हायला लागते, निपाणीकर. माझा पुतण्या तिथपर्यंत पोचलाच नाही. आणि सगळ्यांनाच तिकडे जाता येत नाही. इथंच राहायचं, इथंच पोलीस भरती, तलाठी भरती द्यायची तर कन्नडही चांगलं हवं. आमच्याकडे ते नुसतं पास होण्यापुरतं शिकतात. त्यावर बोललं की काही लोक रागावतात, तरी मी बोलणार. मराठी आपली, आणि कन्नड आपल्या पोरांच्या पोटापाण्याचं.

दोन मुलांचा बाप

कन्नडच्या मुद्द्यावर सहमत. बाकी माझं मत बदललेलं नाही.

मलप्रभेची लेक

माझ्या लेकीनं पहिल्या वर्षी एक वही केली होती. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि तो कसा उच्चारायचा ते देवनागरीत. अकाउंट्स, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स, तिन्ही विषयांची. एकशे चाळीस पानं भरली. तिला विचारलं, द्यायला तयार आहे. झेरॉक्स काढून वाटा. पण वर्ग खानापुरात हवा, हे पुन्हा सांगते.

जुना फळा

ती वही मला पाठवा ताई. गणिताची तशी मी करून देतो, त्याला रविवार लागत नाही, रात्री बसेन. वर्गाला मात्र मी जूनआधी येणार नाही. परीक्षा २ ची पोरं सुटल्याशिवाय नाही.

मार्कंडेयकाठ

चालेल सर. खानापूरची जागा मी या आठवड्यात बघून येतो. सकाळच्या बसला बसून जाईन, म्हणजे ती किती वाजता पोचते तेही कळेल.