पांडवगड: आख्यायिका आणि प्रत्यक्ष इतिहास

प्रश्न (कृष्णाकाठ, वाई)

नमस्कार. मी वाई तालुक्यातील एका शाळेत इतिहास शिकवते. डिसेंबरमध्ये आठवीच्या मुलांना पांडवगडावर न्यायचे ठरले आहे आणि त्यांच्यासाठी चार पानांची माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. वाई म्हणजे विराटनगरी, अज्ञातवासाच्या वर्षात पांडव इथे राहिले, पलीकडचा वैराटगड विराट राजाचा आणि हा गड पांडवांनी बांधलेला, ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. मीही ती आजीच्या तोंडून ऐकत मोठी झाले. परवा वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, पांडवांनी गड बांधला असेल तर तो शिवाजी महाराजांनी कोणाकडून घेतला?” मला तिला नीट उत्तर देता आले नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे. गड खरोखर कोणी बांधला, पांडवांचे नाव त्याला कसे चिकटले आणि पुस्तिकेत कोणते प्रसंग निर्धास्तपणे लिहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (मावळतीचा डोंगर, सातारा)

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. महाराजांनी १६७३ मध्ये हा गड घेतला तो विजापूरच्या आदिलशाहीकडून. त्याच वर्षी सातारचा किल्लाही स्वराज्यात आला. वाई हे आदिलशाहीचे महत्त्वाचे ठाणे होते आणि प्रतापगडच्या भेटीपूर्वी अफजलखानाचा तळ तिथेच पडला होता, हे मुलांना ठाऊक असेलच.

गडाच्या बांधणीचे श्रेय पन्हाळ्याच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोजाला दिले जाते. त्याची कारकीर्द बाराव्या शतकाच्या अखेरीची. पुढे १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने त्याचा पराभव केला आणि हे राज्य संपले. आता इथे एक सावधगिरी बाळगावी असे मला मनापासून वाटते. अजिंक्यतारा, चंदन-वंदन, वैराटगड, केंजळगड, कमळगड, वासोटा अशा कितीतरी गडांची बांधणी याच एका राजाच्या नावावर सांगितली जाते, आणि तीही बहुतांशी परंपरेनेच. म्हणून पुस्तिकेत “भोजाने बांधला” असे न लिहिता “भोजाच्या काळी बांधला गेला असे मानतात” असे लिहावे. पांडवांची दंतकथा बाजूला सारून तिच्या जागी दुसरी दंतकथा ठामपणे बसवली, तर मुलांच्या हाती इतिहास आला असे होणार नाही.

उत्तर २ (लेणीवाटा, कराड)

पांडवांचे नाव कसे आले, याचा धागा माझ्या मते गडावर नसून गडाच्या सोंडेवर आहे. धावडी गावाच्या शिवारात, या डोंगराच्या एका सोंडेवर बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेणी लहान आणि अगदी साधी आहेत. सपाट छत, आत स्तूप, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. वाईच्या जवळच लोहारे येथेही असा लेणीसमूह आहे आणि तिथला स्तूप आज पालपेश्वर महादेव म्हणून पुजला जातो. मी धावडीच्या लेण्यात दुपारच्या उन्हातून शिरलो, तेव्हा प्रथम काहीच दिसले नाही. डोळे सरावल्यावर स्तूपाची गोलाई अंधारातून वर आली, आणि भिंतीवर हात ठेवला तर छिन्नीच्या तिरप्या रेघा बोटांना लागत होत्या.

ज्या काळी भिक्षूंची वस्ती उठून गेली आणि ही लेणी कोणी व कशासाठी कोरली याची आठवण पुसली गेली, त्या काळी डोंगरात इतक्या सरळ रेषेत खोल्या कोरणे माणसाचे काम नव्हे, असे गावकऱ्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. आणि वनवासात रानोमाळ हिंडलेले, अफाट बळाचे माणूस म्हटले की आपल्याकडे पांडवच आठवतात. नाशिकच्या लेण्यांचे उदाहरण स्वच्छ आहे. तिथल्या सातवाहनकालीन शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे कोरलेले आहे, तरी आज सगळे त्याला पांडवलेणीच म्हणतात. तिथे मूळ नाव दगडावर राहिले म्हणून आपल्याला दोन्ही नावे कळतात. पांडवगडाच्या बाबतीत मात्र लोकांनी दिलेले नावच टिकले. लेण्यांचे पांडव पुढे गडावरही चढले असावेत, हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा.

उत्तर ३ (जुना वाईकर)

मी सत्तरी ओलांडलेला वाईकर आहे. विराटनगरीची कथा कोणी मोडीत काढू लागले की मला वाईट वाटते, हे आधीच सांगून टाकतो. तरीही बाईंनी मुलांना खरे तेच सांगावे. महाभारतातील विराट हा मत्स्य देशाचा राजा, आणि मत्स्य देश अभ्यासकांनी राजस्थानात, जयपूरच्या परिसरात दाखवला आहे. तिथल्या बैराट गावी अशोकाचा लेख सापडला आणि बौद्ध अवशेषही आहेत. विशेष म्हणजे तिथल्या लोकांनीही एका टेकडीला भीमाचे नाव दिले आहे! कर्नाटकातील हानगल गावाचा तर कदंबांच्या काळच्या कोरीव लेखांत विराटनगरी म्हणून उल्लेख येतो. म्हणजे विराटाची नगरी आपल्याच गावी असावी, अशी ओढ अनेक गावांना वाटत आली आहे, आणि आमच्या वाईलाही ती वाटली. ही ओढ किती जुनी आहे, हाही इतिहासाचाच भाग नाही का?

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (कृष्णाकाठ, वाई)

सर्वांचे मनापासून आभार. लेण्यांचा संबंध माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. काका, आपली कथा मी गाळणार नाही. हानगल आणि बैराटच्या शेजारी तिला जागा देईन. आता एकच विचारते: मराठेशाहीच्या काळातला असा एखादा प्रसंग आहे का, जो गडावर उभे राहून मुलांना सांगता येईल?

उत्तर ४ (मावळतीचा डोंगर, सातारा)

आहे, आणि माझ्या मते तो पांडवांच्या कथेइतकाच रंगून सांगण्यासारखा आहे. १७०१ मध्ये हा गड औरंगजेबाच्या सरदारांच्या हाती गेला होता. शाहू महाराज सुटून आले, साताऱ्यास गादीवर बसले, त्यानंतरच्या काळातली ही हकिकत. तिचे साल काही ग्रंथांत १७११, तर काहींत १७१३ दिलेले आढळते. सेनापती चंद्रसेन जाधव आणि बाळाजी विश्वनाथ भट एकत्र मोहिमेवर असताना शिकारीतल्या एका हरणावरून त्यांच्या माणसांत तंटा झाला. निमित्त हरणाचे असले तरी सेनापतीच्या मनात बाळाजींविषयी आधीपासूनच अढी होती, कारण महाराजांनी त्याच्या कारभारावर लक्ष ठेवण्यासाठीच त्यांना सोबत दिले होते. प्रकरण इतके चिघळले की बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले. पुरंदरावर आसरा मिळाला नाही. सगळ्या वाटांवर पाठलाग सुरू होता. तेव्हा पिलाजी जाधव आणि धुमाळ या त्यांच्या पदरच्या दोघा शिलेदारांनी थोडे स्वार जमवले आणि त्यांना पांडवगडावर पोहोचवले.

चंद्रसेनाने बाळाजींना आपल्या हवाली करावे म्हणून महाराजांकडे तगादा लावला आणि तसे न केल्यास चाकरी सोडण्याची धमकी दिली. महाराजांनी ते मानले नाही. त्यांनी हैबतराव निंबाळकरांना फौजेसह पाठवले, लढाई होऊन चंद्रसेनाचा मोड झाला आणि बाळाजी सुखरूप साताऱ्यास पोहोचले. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. त्या वेळी हा गड उपयोगी पडला नसता तर भट घराण्याच्या पेशवाईचे काय झाले असते, असे मुलांना जरूर विचारावे. गंमत म्हणजे पेशवाईच्या अखेरीसही हा गड पुन्हा दिसतो: १८१७ मध्ये त्रिंबकजी डेंगळ्यांच्या माणसांनी तो घेतला आणि एप्रिल १८१८ मध्ये तो मेजर थॅचर याच्या इंग्रजी तुकडीच्या स्वाधीन झाला.

जाताना शक्य असल्यास धावडीकडून चढावे, म्हणजे आधी लेणी पाहता येतील. गडाची उंची १,२०० मीटरहून अधिक आहे आणि चढ उघडा आहे. सकाळी लवकर निघावे आणि प्रत्येकाजवळ भरपूर पाणी असावे. माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आणि पांडवजाईचे देऊळ आहे. हरणाचा प्रसंग देवळापाशी बसून सांगावा.